ओन्सेनमधील एक रात्र : एका ‘परंपरे’चे जन्मसाल

१/ जपानचा प्रवास आखणाऱ्या बहुतेकांच्या यादीत एक ओळ हमखास आढळते : ‘ओन्सेन गावात एक रात्र’. पारंपरिक र्‍योकानमध्ये उतरावे, संध्याकाळी उष्ण झऱ्याच्या पाण्यात बसावे, युकाता नेसून जेवावे आणि सकाळी पुढची गाडी धरावी. ही रीत अतिप्राचीन वाटते. प्रत्यक्षात तिला मान्यता मिळाली ती एका तंट्याच्या निकालातून, १८०५ साली. #थ्रेड

२/ कोकणात ज्याला ‘उन्हाळे’ म्हणतात, तोच ओन्सेन : भूगर्भातून वर येणारे उष्ण पाणी. पाणी निसर्गाने दिले. परंतु त्यात किती दिवस बसायचे, कोणासोबत बसायचे आणि ते पाणी कोणाच्या मालकीचे, हे प्रश्न माणसांना सोडवावे लागले. आज तीन गावे, हे तीन प्रश्न आणि त्यांवर बेतलेला सहा रात्रींचा प्रवास पाहू.

३/ प्रथम पार्श्वभूमी. एदो कालखंडात (१६०३ ते १८६८) सामान्य माणसाला मनात येईल तेव्हा दूरच्या प्रवासाला निघता येत नसे. मार्गांवर नाकी होती. गावप्रमुखाचा, किंवा ज्या बौद्ध मंदिरात कुटुंबाची नोंद असे त्या मंदिराचा परवाना लागे. ‘मौजेसाठी’ हे कारण पुरेसे नव्हते. दोन कारणे मात्र सहसा मान्य होत : तीर्थयात्रा आणि ‘तोजी’, म्हणजे उष्ण झऱ्यावरचा उपचार.

४/ तोजीचे गणित ठरलेले होते. सात दिवसांचे एक आवर्तन आणि अशी तीन आवर्तने, म्हणजे एकवीस दिवस, हा रूढ क्रम. शेतकरी कामाच्या हंगामानंतर तांदूळ आणि मिसो सोबत घेऊन येत, खोली भाड्याने घेत आणि स्वतः रांधत. तोकुगावा घराण्याचा पहिला शोगुन इएयासु १६०४ साली आतामीच्या झऱ्यांवर राहिला, तोही सात दिवस.

५/ पहिले गाव, पहिला प्रश्न : किती दिवस?
एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा राजमार्ग हाकोनेच्या डोंगरातून जाई. पायथ्याशी ओदावारा आणि वर सरोवराकाठी हाकोने, ही मुक्कामाची दोन अधिकृत ठाणी. या दोहोंच्या मध्ये होते युमोतो. त्याला ठाण्याचा दर्जा नव्हता. त्याच्याकडे होते ते गरम पाणी.

६/ सरोवराकाठचे हाकोनेचे नाके १६१९ सालचे. तेथे सर्वांत कडक तपासणी होई ती एदोकडून येणाऱ्या स्त्रियांची. सरदारांच्या पत्नी शोगुनच्या राजधानीत एक प्रकारे ओलीस असत. त्यांपैकी कोणी वेषांतर करून निसटली, तर ती बंडाची चाहूल मानली जाई. म्हणून झडतीसाठी स्त्री-तपासनीस नेमलेल्या असत आणि त्या केससुद्धा तपासत.

७/ युमोतो या नाक्याच्या अलीकडे, एदोच्या बाजूला आहे. त्यामुळे राजधानीतल्या माणसाला ही तपासणी टाळूनही गरम पाण्यापर्यंत पोहोचता येई. आजही तोक्योहून निघालेला प्रवासी हाकोनेत सर्वप्रथम युमोतोलाच उतरतो.

८/ आता ठाण्यांचे अर्थकारण. सरकारी वाहतुकीसाठी तोकाइदोवरील प्रत्येक ठाण्याने १०० माणसे आणि १०० घोडे सज्ज ठेवायचे, असा दंडक होता. हा भार मोठा. त्याच्या मोबदल्यात वाटसरूंना मुक्कामाला ठेवण्याचा हक्क ठाण्यांचा. झऱ्याच्या गावाने उपचारासाठी आलेल्यांना ठेवावे. एका रात्रीचा पाहुणा हा ठाण्याचा पाहुणा.

९/ पुढे यात्रेकरूंची संख्या वाढली. ‘को’ नावाची मंडळे सभासदांकडून वर्गणी गोळा करीत आणि चिठ्ठी टाकून यंदा इसेच्या देवस्थानाला किंवा फुजी पर्वतावर कोणी जायचे ते ठरवीत. आपल्या भिशीशी बरेच साम्य असलेली ही व्यवस्था. हे गट ओदावाऱ्याचा मुक्काम टाळून युमोतोला एकच रात्र थांबू लागले. गरम पाणी आयतेच मिळत होते.

१०/ १८०५ साली ठाण्यांनी राजमार्गांच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. युमोतो आमचे वाटसरू पळवते, ही तक्रार. तिच्या मुळाशी प्रश्न असा : एका रात्रीत उपचार होतो काय? आणि होत नसेल, तर हे लोक रुग्ण कसे? निकाल युमोतोच्या बाजूने लागला. ‘इचिया तोजी’, म्हणजे एका रात्रीचा उपचार, ग्राह्य ठरला.

११/ या निकालाचे महत्त्व येथे आहे. सामान्य माणसाला विश्रांतीचा हक्क विश्रांती म्हणून मागता येत नव्हता. तो त्याने उपचाराच्या नावाने मिळवला. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र एकवीस दिवसांवरून एका रात्रीवर आला. आज संकेतस्थळावर आपण ‘एक रात्र’ निवडतो, तेव्हा त्यामागे ही घडामोड उभी असते.

१२/ पुढच्याच काळातील दोन दाखले बोलके आहेत. १८१० साली यासुमी रोआन याने प्रवाशांसाठी ६१ सूचनांचे मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यात देशभरातील उष्ण झऱ्यांची यादीही होती. तसेच सुमो मल्लांच्या क्रमवारीच्या धर्तीवर झऱ्यांच्या क्रमवारीचे छापील तक्ते निघू लागले. पूर्वेकडील अव्वल स्थान कुसात्सुचे, पश्चिमेकडील आरिमाचे. सहलीची बाजारपेठ आकाराला आली होती.

१३/ आखणी : हाकोनेत दोन रात्री. एक दिवस हाताजुकु गावापासून जुन्या तोकाइदोच्या दगडी फरसबंदीवरून सरोवरापर्यंत चालत जावे. हाताजुकु हे लाकडी जडावकामाचे गाव; कारागिरांची दुकाने तेथेच आहेत. वर पोहोचल्यावर २००७ साली पूर्ण झालेली नाक्याची पुनर्बांधणी पाहावी. घाट चढून आल्यावर गरम पाण्याचे मोल वेगळे कळते.

१४/ दुसरे गाव, दुसरा प्रश्न : कोणासोबत?
ओदावाऱ्याहून बुलेट ट्रेनने ओकायामा गाठावे (वाटेत गाडी बदलावी लागू शकते) आणि तेथून समुद्रावरील सेतो पूल ओलांडून शिकोकु बेटावरील मात्सुयामाला जावे. याच शहरात दोगो ओन्सेन आहे. ७२० साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात या प्रदेशातील झऱ्यांवर सम्राट आल्याची नोंद आहे.

१५/ सतराव्या शतकात मात्सुयामाच्या सरदाराने येथे स्नानाची वाटणी केली. एक कुंड सामुराई आणि भिक्षूंसाठी, दुसरे स्त्रियांसाठी, तिसरे सामान्य पुरुषांसाठी. गुराघोड्यांची सोयही वेगळी. पाणी एकाच भूमीतून येणारे, पण समाजाची उतरंड त्यात जशीच्या तशी उतरलेली.

१६/ मेइजी राजवटीत (१८६८ पासून) ती कायदेशीर उतरंड मोडली. दोगोच्या नगरप्रमुखाने, इसानिवा युकिया याने, जुने स्नानगृह पाडून भव्य तीनमजली लाकडी इमारत उभारायचे ठरवले. खर्चामुळे गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. तरीही १८९४ साली ती उभी राहिली. प्रदीर्घ जीर्णोद्धारानंतर २०२४ साली ती पुन्हा पूर्णपणे खुली झाली आहे.

१७/ तेथे तिकीट घेताना एक गोष्ट ध्यानात येईल. तिकिटांचे प्रकार आहेत : साधे स्नान, निवांत कुंड, वर विश्रांतीची खोली. पूर्वी कुंड जन्माने ठरे, आता ते पैशाने ठरते. समता आली, असे सरसकट म्हणणे घाईचे होईल. पण साधे तिकीट काढणारा कोणीही आत जाऊ शकतो, हा फरक लहान नाही.

१८/ ‘कोणासोबत’ हा प्रश्न संपलेला नाही. होक्काइदो बेटावरील एका स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २००२ साली साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवून स्नानगृहाला भरपाई द्यायला लावली. आपल्यासारख्या प्रवाशाचा आजचा प्रवेश अशा निकालांवरही उभा आहे.

१९/ तिसरे गाव, तिसरा प्रश्न : पाणी कोणाचे?
मात्सुयामाहून हिमेजीमार्गे जपानी समुद्राजवळचे किनोसाकी गाठावे. येथे सात सार्वजनिक स्नानगृहे. गावात म्हणतात : स्थानक हे दार, रस्ते हे बोळ, र्‍योकान या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहे हीच न्हाणीघरे, अवघे गाव मिळून एक घर. पाहुणे युकाता आणि खडावांसारखे लाकडी गेता घालून रस्त्याने फिरतात.

२०/ १९२५ सालच्या भूकंपात आणि आगीत हे गाव जवळजवळ नष्ट झाले. पुनर्बांधणी चालू असतानाच, १९२७ साली एका र्‍योकानने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचे कुंड बांधले. गाव खवळले. झरा सर्वांचा, आणि पाहुणे आतच न्हाऊ लागले, तर रस्ता, दुकाने, लहान र्‍योकान यांनी जगायचे कसे?

२१/ हा वाद न्यायालयात गेला, महायुद्ध पार करून टिकला आणि १९५० साली तडजोडीने मिटला. र्‍योकानांना आतली कुंडे ठेवता येतील, पण मर्यादित आकाराची. म्हणून किनोसाकीत आजही पाहुण्याला बाहेर पडावेसे वाटते. संध्याकाळी ऐकू येणारी गेतांची टकटक ही त्या तेवीस वर्षांच्या वादाची फलश्रुती आहे.

२२/ अशा रीतीने तीन गावे, प्रत्येकी दोन रात्री. किनोसाकीहून थेट गाडीने क्योतो किंवा ओसाका गाठता येते. शिष्टाचार सर्वत्र सारखा : कुंडात उतरण्यापूर्वी बसून अंग स्वच्छ धुवावे, साबण पूर्ण जाऊ द्यावा, पंचा पाण्यात बुडवू नये आणि पोहू नये. त्या पाण्यात आपल्या आधी कोणी बसले होते आणि नंतर कोणी बसणार आहे, याची ही साधी जाणीव.

२३/ पर्यटनाच्या जाहिराती आपल्याला ‘कालातीत जपान’ विकतात. कालातीत म्हटले, की माणसे गाळली जातात : तक्रार घेऊन गेलेले ओदावाऱ्याचे खानावळवाले, वर्गणी भरून चिठ्ठीची वाट पाहणारा यात्रेकरू, झऱ्यासाठी तेवीस वर्षे लढलेले किनोसाकीचे गावकरी. आपण ज्याला परंपरा म्हणतो, ती या माणसांनी केलेली तडजोड आहे. प्रवास आखताना गाड्यांच्या वेळांशेजारी १८०५, १८९४ आणि १९५० ही तीन सालेही लिहून ठेवावीत.

(समाप्त)