खिशातला डॅक: घेण्यापूर्वी काय पाहावे

ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनची गोल खाच काढून टाकली, पाठोपाठ बहुतेक कंपन्यांनी तेच केले, आणि ‘डॅक’ हा तोवर फक्त हौशी लोकांच्या तोंडी असलेला शब्द घरात शिरला. मंडळातले संगीतप्रेमी सभासद, आणि त्यांच्यासाठी भेटवस्तू शोधणारी मुले-सुना, आम्हाला याबद्दल नेहमी विचारतात. बाबांना जुन्या बैठका, नाट्यपदे मोबाइलवर नीट ऐकता यावीत म्हणून कोणता डॅक घ्यावा? बाजारात हजारापासून पन्नास हजारांपर्यंत सगळे आहे आणि प्रत्येक डबीवर सोनेरी ‘हाय-रेझ’ शिक्का आहे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बहुतेक घरांना तारेचा, बोटाएवढा, साधा डॅक पुरतो. त्यापुढचा पैसा हेडफोनवर खर्चावा, आणि घरात जुन्या कॅसेट असतील तर त्यांच्यावर. का, ते खाली.

डॅक करतो काय

मोबाइलमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करणारी चिप म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. खिशातल्या डॅकच्या डबीत याशिवाय त्या लहरीला बळ देणारा छोटा ॲम्प्लिफायरही असतो. जाहिरात चिपची होते, पण ऐकताना फरक पडतो तो बहुतेक वेळा या ॲम्प्लिफायरमुळे. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक यांपैकी कोणाचीही आजची चिप कानाच्या गरजेच्या पुढे गेलेली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एकेएमचा जपानमधला कारखाना जळाला, तेव्हा कित्येक कंपन्यांनी आपल्या यंत्रांत दुसऱ्या कंपनीच्या चिपा बसवून तीच मॉडेले विकायला काढली. चिपेच्या नावावर किंमत ठरवू नये.

ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यांनी तारेचा डॅक घेऊच नये. त्यांच्या हेडफोनमध्येच डॅक बसवलेला असतो, बाहेरच्या डॅकला तिथे काम नसते. शिवाय ब्लूटूथवरून जाताना गाणे दाबून लहान केले जाते. नेहमीची एसबीसी किंवा एएसी पद्धत सेकंदाला साधारण २५० ते ३३० किलोबिट पाठवते, सोनीची एलडॅक जास्तीत जास्त ९९०, आणि आयफोन एलडॅक पाठवतच नाही. हे वाईट नाही, सकाळच्या फेरफटक्याला उत्तमच आहे. फक्त त्याला हाय-रेझ म्हणू नये.

हाय-रेझचे आकडे

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असतात. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतची कंपने यात पुरी पकडली जातात, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत ऐकतो, आणि साठीनंतर बहुतेकांना १२,००० च्या वरचे फारसे उरत नाही. बिट वाढले की मंद आणि मोठ्या आवाजातले अंतर वाढते. एका बिटाला ६ डेसिबल, म्हणून १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल. २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ असलेल्या फाइलला हाय-रेझ म्हणतात.

हा फरक ऐकू येतो का? यावर खूप भांडणे झाली आहेत. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. चारशेहून जास्त ऐकणाऱ्यांनी मिळून ५२.३ टक्के वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तर ५० टक्के आले असते. म्हणजे फरक आहे, पण केसभर, आणि तोही शांत खोलीत लक्ष देऊन ऐकणाऱ्याला. इंदूर-पुणे गाडीच्या डब्यात तो शोधू नये. तिथे कानात घट्ट बसणारा इअरफोन जास्त उपयोगाचा.

खर्च मात्र केसभर नाही. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे गाणे न गमावता दाबले तर साडेतीनशे-चारशे एमबी होते, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे सहज दोन जीबीच्या वर जाते. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर एका ख्यालातच संपेल. घरच्या वायफायवर गाणी उतरवून ठेवावीत, हा सोपा उपाय.

मूळ सेवाही पाहावी लागते. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून जादा पैसे न घेता काहीही न गमावलेला आवाज मिळतो, काही गाणी १९२ किलोहर्ट्झपर्यंत. मात्र तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. यूट्यूब म्युझिक जास्तीत जास्त २५६ किलोबिटवर थांबते. ज्या घरी सगळे संगीत यूट्यूबवरच ऐकले जाते, तिथे वीस हजारांचा डॅक म्हणजे नळाला गढूळ पाणी आणि हातात चांदीचा पेला.

आधी हेडफोन पाहा, मग डॅक

निवडीचे खरे गणित इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हेडफोनच्या माहितीत दोन आकडे शोधावेत: ओहममधला रोध, आणि एक व्होल्ट दिल्यावर किती डेसिबल आवाज होतो. कानात घालायचे इअरफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे असतात आणि थोड्या विजेवर मोठ्याने वाजतात. डोक्यावर बसणारे काही जुने-नामांकित हेडफोन फार जास्त मागतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, एका व्होल्टला ९७ डेसिबल देणारा.

साध्या अडॅप्टरमधून साधारण एक व्होल्ट मिळतो. म्हणजे एचडी ६०० वर सर्वांत मोठा क्षण ९७ डेसिबलचा. ख्यालाचा सरासरी आवाज त्या शिखराच्या साधारण २० डेसिबल खाली धरला, तर ७७. हे पुरेसे आहे. पण आकाशवाणीच्या जुन्या टेपवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण बरेचदा आणखी दहा डेसिबल मंद असते. मग ६७ उरतात, आणि ऐकणाऱ्याचे वय पंच्याहत्तर असेल तर आलापीतले निम्मे हातचे जाते. इथे दोन व्होल्ट देणारा डॅक ६ डेसिबल वाढवतो, आणि ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड खाचेतून चार व्होल्ट देणारा १२. अशा हेडफोनसाठी जास्त बळाचा डॅक खरोखर लागतो. त्याच डॅकला नाजूक इअरफोन जोडला तर उलटी अडचण येते. मागे सूं-सूं ऐकू येते, आणि आवाजाची पहिली पायरीच मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट. डॅकचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. चांगल्या डॅकमध्ये तो एका ओहमच्या आसपास किंवा कमीच असतो, पण माहितीपत्रकात लिहिलेलाच नसेल तर तो डॅक सोडून द्यावा.

बळ वाढले की कानाचीही काळजी आली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. ऐकू कमी येते म्हणून आजोबांचा आवाज वाढत चालला असेल, तर डॅकच्या आधी श्रवणतपासणी करून घ्यावी.

फोनशी जुळते का

आयफोन १५ पासून टाइप-सी खाच आहे, त्यामुळे बहुतेक डॅक थेट चालतात. त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंगची वेगळी तार लागते, ती डॅकसोबत मिळते का ते विचारावे. आयफोन बाहेरच्या डॅकला गाणे त्याच्या मूळ दर्जात पाठवतो. अँड्रॉइड बहुतेक वेळा सगळे ४८ किलोहर्ट्झवर आणून मगच बाहेर सोडतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये मूळ दर्जा जसाच्या तसा पाठवायची सोय आली, पण ॲपने ती वापरली तरच. वरचा ५२.३ चा आकडा लक्षात ठेवला तर या कारणासाठी झोप उडवून घेण्यात अर्थ नाही.

जास्त त्रासदायक आहे ते वेगळेच. टाइप-सीचे काही स्वस्त अडॅप्टर म्हणजे नुसती तार असते, आत डॅकच नसतो. फोन स्वतः ॲनालॉग आवाज बाहेर सोडत असेल तरच ते वाजतात, नाहीतर मुके. खोक्यावर ‘डॅक’ हा शब्द आणि बिट-किलोहर्ट्झचे आकडे नसतील तर घेऊ नये. ॲपलचा छोटा अडॅप्टर मात्र खरा डॅक आहे, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा, आणि किमतीच्या मानाने फार चांगला. अडचण एवढीच की कित्येक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मंद येतो.

एमक्यूएच्या शिक्क्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. ती पद्धत काढणारी कंपनी २०२३ मध्ये अडचणीत आली आणि टायडलनेही २०२४ मध्ये ती सोडली. बॅटरी असलेले मोठे डॅक फोनची बॅटरी खात नाहीत आणि बळ भरपूर देतात, पण दोन यंत्रे रबर लावून खिशात घेऊन फिरायची तयारी हवी. घरी आरामखुर्चीत बसून ऐकणाऱ्याला ते ठीक.

आपण ऐकतो ते संगीत

गोहर जान यांच्या १९०२ च्या तबकड्या, बालगंधर्वांची सुरुवातीची पदे, हे सगळे भोंग्यासमोर गाऊन मुद्रित झालेले. विजेचा मायक्रोफोन १९२५ नंतर आला. त्या भोंग्याच्या मुद्रणात चार-पाच हजार हर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसे काही नाही. १९२ किलोहर्ट्झमध्ये घेतली तर तीच खरखर जास्त काटेकोर मोजली जाते. आपल्या माळव्यात ज्यांनी गायले त्या अमीर खाँसाहेबांचे, कुमारजींचे एलपी आणि टेपवरचे गाणे याहून पुष्कळ चांगले आहे, पण तेही सीडीच्या १६ बिटांत आरामात मावते. त्यांच्या बाबतीत फरक पडतो तो कोणती आवृत्ती ऐकतो याने. खरखर काढताना काहींनी तंबोऱ्याची आसही पुसून टाकली आहे. एकच राग दोन आवृत्त्यांत लावून पाहावा. डॅक बदलून जे ऐकू येणार नाही ते इथे लगेच ऐकू येईल.

आता कॅसेट. इंदूर-देवास-उज्जैनच्या आपल्या कित्येक घरांत गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या, खासगी बैठकींच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट कपाटात आहेत. त्या कुठल्याही सेवेवर मिळणार नाहीत, आणि फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते. डॅक त्यांना वाचवू शकत नाही, कारण तो एकाच दिशेने काम करतो. तिथे उलटे यंत्र लागते: ॲनालॉगपासून आकडे करणारे, संगणकाला यूएसबीने जोडायचे ऑडिओ इंटरफेस. मोठे आकडे इथे कामाचे आहेत. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झची शिफारस करते, कारण मुद्रणाची पातळी थोडी चुकली तरी २४ बिटांत सावरता येते आणि पुढे खरखर कमी करायला जागा राहते.

त्यासाठी कॅसेट-डेक चालू स्थितीतला हवा. त्याचे हेड स्पिरिटने पुसावे, फीत एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी, आणि पहिल्याच खेपेला मुद्रण करावे, कारण दुसऱ्या खेपेला फीत टिकेलच असे नाही. फाइल वॅव्हमध्ये ठेवावी, एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला. प्रत दोन ठिकाणी असावी, आणि फाइलच्या नावात गायकाचे नाव, राग, गाव आणि वर्ष लिहावे. हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्यावे.