आठवा सर्व्हर

२००३

न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत मुख्यालय असलेली नाइट कॅपिटल ही दलाली पेढी ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय वापरणं थांबवते. ही सोय पेढीच्या ‘स्मार्स’ या स्वयंचलित यंत्रणेतली आहे. मोठी ऑर्डर आली की तिचे लहान तुकडे करायचे आणि ते बाजारात पाठवायचे, हे स्मार्सचं काम. पॉवर पेगचा वापर थांबतो, पण त्याचा कोड सर्व्हरवरून पुसला जात नाही. हाक मारली तर तो अजूनही ओ देऊ शकतो.

२००५

पाठवलेल्या तुकड्यांपैकी किती शेअर्सचा सौदा झाला, याची बेरीज ठेवणारा भाग स्मार्सच्या कोडमध्ये आधीच्या टप्प्यावर हलवला जातो. मूळ ऑर्डर पुरी झाली की पॉवर पेगला थांबवणारी बेरीज हीच. या बदलानंतर पॉवर पेग पुन्हा चालवून पाहिला जात नाही. जे वापरातच नाही ते तपासावं, असं सहसा कुणाला सुचतही नाही. मात्र इथून पुढे पॉवर पेग सुरू झाला, तर कुठे थांबायचं हे त्याला कळणार नाही.

ऑक्टोबर २०११

शनिवार-रविवारी पेढी आपत्कालीन व्यवस्थेची चाचणी घेते. चाचणीसाठी खोटे आकडे वापरलेले असतात. सोमवारी बाजार उघडतो, तेव्हा एका विभागाची यंत्रणा त्याच खोट्या आकड्यांवरून खरे भाव लावत असते. नुकसान जवळजवळ ७५ लाख डॉलर.

त्या यंत्रणेपुरती दुरुस्ती होते. आपत्कालीन चाचणीच्या तपासणी यादीत एक ओळ वाढते. चुकीची ऑर्डर, मग ती कुठल्याही यंत्रणेतून निघालेली असो, बाजारात जाण्याआधी अडवणारं काही आपल्याकडे आहे का, हा मोठा प्रश्न त्या वेळी विचारला जात नाही. माझ्या मते या साऱ्या घटनाक्रमातली सर्वांत स्वस्तात मिळालेली सूचना हीच होती.

जुलै २०१२

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या एका नव्या योजनेला नियामकांची मंजुरी मिळते. किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींना चालू भावापेक्षा किंचित सरस भाव मिळावा, अशी ती योजना. सुरुवात १ ऑगस्टला. नाइटला पहिल्या दिवसापासून त्यात राहायचं आहे. अमेरिकी शेअर बाजारातल्या एकूण उलाढालीपैकी सुमारे १० टक्के या पेढीच्या हातून होते.

स्मार्ससाठी नवा कोड लिहिला जातो. तो पॉवर पेगच्या जागी बसणार आहे. ऑर्डर नव्या योजनेतली आहे हे ओळखण्यासाठी एक फ्लॅग, म्हणजे कोडमधली खूण, लागतो. प्रोग्रामर नवा फ्लॅग तयार करत नाहीत. पूर्वी पॉवर पेग सुरू करणारा फ्लॅग मोकळा आहे, तोच घेतात. जुना कोड सगळीकडून निघाला, तर यात काही बिघडत नाही.

शुक्रवार, २७ जुलै

स्मार्सचे आठ सर्व्हर आहेत. नवा कोड एकदम सगळ्यांवर न चढवता, रोज थोड्या सर्व्हरवर, टप्प्याटप्प्यानं चढवायचं ठरलेलं आहे. काही बिघडलंच तर ते लहान असतानाच कळावं म्हणून सावध माणसं असंच करतात.

या टप्प्यांत कुठेतरी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून जातो. हे काम करणारा तंत्रज्ञ एकच. त्याचं काम दुसऱ्या कुणी पाहत नाही. दुसऱ्यानं पाहावं, असा लेखी नियमही पेढीत नाही. आठवा सर्व्हर जुन्याच कोडवर राहतो, पॉवर पेगसकट.

मंगळवार, ३१ जुलै

नवी योजना अजून सुरू नसल्यानं तो फ्लॅग लावलेली ऑर्डर येण्याचा प्रश्नच नाही. आठही सर्व्हर नेहमीसारखे चालतात. बाजार बंद होतो, तेव्हा नाइटच्या शेअरचा भाव १०.३३ डॉलर आहे.

बुधवार, १ ऑगस्ट, सकाळी ८:०१

(या सगळ्या वेळा न्यूयॉर्कच्या घड्याळाच्या. मुंबईचं घड्याळ या दिवसांत साडेनऊ तास पुढे असतं.)

बाजार उघडण्याआधीच्या सत्रासाठी नव्या योजनेतल्या काही ऑर्डरी स्मार्सकडे येतात. पेढीतली एक यंत्रणा आपोआप ईमेल पाठवू लागते. त्यात स्मार्सचं नाव आहे, आणि ‘पॉवर पेग बंद केलेला आहे’ अशा अर्थाचा त्रुटीचा संदेश आहे. नऊ वर्षांपूर्वी बाद केलेल्या सोयीचं नाव आज सकाळी पडद्यावर येतं आहे.

सकाळी ८:०१ ते ९:३०

असे ९७ ईमेल येतात, पेढीतल्या एका गटाच्या पत्त्यावर. हे संदेश धोक्याचा इशारा म्हणून योजलेले नाहीत. आले की उघडून वाचावेत, अशी पद्धतही नाही. कुणीही त्यांच्यावर काही करत नाही.

हातात ८९ मिनिटं होती आणि दोषाचं नाव ईमेलमध्ये लिहिलेलं होतं. वाचणाऱ्याला एवढाच प्रश्न पडायला हवा होता, की २००३ साली बंद झालेली गोष्ट आज कुणाला कशी सापडली.

सकाळी ९:३०

घंटा वाजते. मुंबईत संध्याकाळचे सात.

नव्या फ्लॅगच्या ऑर्डरी आठही सर्व्हरवर वाटल्या जातात. सात सर्व्हरना फ्लॅगचा नवा अर्थ माहीत आहे आणि ते आपलं काम बिनचूक करतात. आठव्याला जुनाच अर्थ माहीत आहे. तो पॉवर पेग सुरू करतो.

समजा, एका शेअरच्या हजार नगांची ऑर्डर आहे. पॉवर पेग तिचा एक तुकडा पाठवतो. सौदा होतो. मग दुसरा, तिसरा. हजार पुरे होतात, तसं पेढीच्या दुसऱ्या एका यंत्रणेत नोंदलंही जातं. पण ते पॉवर पेगपर्यंत पोचत नाही, कारण बेरीज ठेवणारा भाग सात वर्षांपूर्वी हलवलेला आहे. तो पुढचा तुकडा पाठवतो, त्याच्या पुढचा पाठवतो. पॉवर पेगच्या हाती अशा एकूण २१२ ऑर्डरी लागणार आहेत.

९:३० नंतरची मिनिटं

पेढी जास्तीचे सौदे ज्या खात्यात जमा करते, त्या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा कागदावर आहे. ती ओलांडली म्हणून कुठलीही ऑर्डर आपोआप थांबत नाही. जोखीम दाखवणारा पडदाही आहे. पण तो स्वतः कुणाला हाक देत नाही. कुणीतरी त्याच्याकडे पाहत बसायचं असतं. शिवाय सौदे वाढले की त्यावरचे आकडे मागे पडतात.

खात्यात सौदे साचत जातात. सरासरी काढली तर दर सेकंदाला सुमारे दीड हजार.

काहीतरी भलतंच चाललं आहे हे आता पेढीत कळलेलं आहे. कुठे, ते कळलेलं नाही. अशा वेळी काय करायचं, कुणी कुणाला विचारायचं, सगळं बंद करण्याचा अधिकार कुणाचा, याची लेखी पद्धत नाही. तंत्रज्ञ चालू बाजारात, चालू यंत्रणेवर दोष शोधत आहेत.

मग एक निर्णय होतो. संशय नव्या कोडवर आहे. कालपर्यंत सगळं ठीक होतं, आज नवा कोड पहिल्यांदा कामाला लागला आणि घोटाळा सुरू झाला. तर्क सरळ आहे. कुठलाही अनुभवी माणूस पहिल्यांदा हेच करून पाहील. सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला जातो.

आता त्या सातांवरही फ्लॅगचा जुना अर्थ चालतो. नव्या ऑर्डरी येत राहतात आणि त्या सर्व्हरवरही पॉवर पेग सुरू होतो. बरोबर चालणारे सातही आठव्यासारखे वागू लागतात.

सुमारे १०:१५

यंत्रणा थांबते. साधारण ४५ मिनिटं झालेली आहेत.

१५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले आहेत. हात बदललेले शेअर्स ३९ कोटी ७० लाखांच्या वर. ८० कंपन्यांमध्ये पेढीनं सुमारे ३५० कोटी डॉलरची निव्वळ खरेदी करून ठेवली आहे. ७४ कंपन्यांमध्ये सुमारे ३१५ कोटी डॉलरचे शेअर्स हातात नसताना विकले आहेत. यातलं काहीही पेढीला नको होतं. ३७ कंपन्यांचे भाव १० टक्क्यांहून जास्त हलले, आणि त्या शेअर्सच्या निम्म्याहून अधिक उलाढाल एकट्या नाइटची होती.

दुपार

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज सहा कंपन्यांमधले काही सौदे रद्द करतं. बाकीचे कायम राहतात. तो गठ्ठा विकायला हवा, आणि घेणाऱ्याला नाइटची गरज माहीत आहे. गोल्डमन सॅक्स ही पेढी तो सवलतीच्या भावानं उचलते. बाजार बंद होताना नाइटचा शेअर ६.९४ डॉलरवर आहे.

गुरुवार, २ ऑगस्ट

पेढी तोटा जाहीर करते : ४४ कोटी डॉलर. पुढे हा आकडा ४६ कोटींच्या वर जातो, म्हणजे ४५ मिनिटांच्या हिशेबानं मिनिटाला एक कोटी डॉलरहून अधिक. शेअर बंद होतो २.५८ डॉलरवर.

सोमवार, ६ ऑगस्ट

जेफरीज, ब्लॅकस्टोन, गेटको, टीडी अमेरिट्रेड, स्टायफेल आणि स्टीफन्स यांचा गट ४० कोटी डॉलर घालतो. बदल्यात प्रत्येकी दीड डॉलर दरानं शेअर्स घेण्याचा हक्क मिळतो. पेढीची ७० टक्क्यांहून अधिक मालकी त्यांच्याकडे जाऊ शकेल, अशी ही अट आहे. ती मान्य होते.

जुलै २०१३

नाइट आणि गेटको यांचं विलीनीकरण होतं.

१६ ऑक्टोबर २०१३

अमेरिकेचं सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन आपला आदेश प्रसिद्ध करतं. बाजारात थेट ऑर्डर पाठवणाऱ्या पेढीनं जोखमीला आपोआप अटकाव करणारी व्यवस्था ठेवलीच पाहिजे, हा नियम १ ऑगस्टच्या त्या सकाळीही लागू होता. त्याखाली झालेली ही पहिलीच कारवाई. आदेशात २००३चा न पुसलेला कोड आहे, २००५ची न घेतलेली चाचणी आहे, २०११चा तोटा आणि ९७ ईमेलही आहेत. ज्याच्या हातून आठवा सर्व्हर राहिला, त्या तंत्रज्ञाचं नाव त्यात कुठेही नाही, आणि ते योग्यच आहे. दंड पेढीला आहे : १ कोटी २० लाख डॉलर.