पौष पौर्णिमा १९७४, मुक्काम भामरागड

मोबाईल बंद करून घरीच ठेवा. जिथे निघालो आहोत तिथे तो बॅटरी म्हणूनही कामाचा नाही, कारण तिथे दुसरा उजेडच नको आहे.

८ जानेवारी १९७४. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून साडेआठ वर्षं आहेत; तुमच्या पायाखालची ही वाळू सध्या चंद्रपूर जिल्ह्यातली. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती इथे एकमेकींना मिळतात. पलीकडे बस्तर, म्हणजे अजून मध्य प्रदेश, आणि पूर्वेला अबुझमाडच्या डोंगरांची रांग. तीच तुम्हाला एका लांब पट्टीत पकडायची आहे. मागे हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झालाय. विजेचा खांब कुठेही नाही.

चंद्र उगवताच कॅमेरा काढायला हात शिवशिवतील. थांबा. आत्ता चंद्र डोंगरांच्या मागून वर येतोय; फोटोत नुसती काळी कड मिळेल. मध्यरात्री तो जवळजवळ बरोबर डोक्यावर असेल, कारण पौषातला पूर्णचंद्र या अक्षांशावर तेवढा चढतो. तेव्हा सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा होतात आणि डोंगर सपाट दिसतो. पश्चिमेकडे कलला की तो तुमच्या पाठीशी येईल, घळी आणि सोंडा वेगळ्या दिसू लागतील. म्हणजे पहाटे तीन. तोवर शेकोटीजवळ बसा. पेपरांनी डोक्यावर घेतलेला कोहूटेक धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला शोधलात आणि दिसला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. त्याने यंदा जगभर निराशाच केली आहे.

सामानाची मांडामांड मात्र आत्ताच करून घ्या. कॅमेरा रशियन झेनिट, भिंग ५८ मिलिमीटरचं. ट्रायपॉड नाही. गावातून मागून आणलेलं उखळ पालथं घाला, त्यावर प्लायवूडचा तुकडा, त्याला कंपासपेटीतला कोनमापक चिकटवलेला. मधोमध खिळा, खिळ्याभोवती फिरणारी फळी, फळीवर कापडी पिशवीत ओली वाळू आणि तिच्यात दाबून बसवलेला कॅमेरा. पातळी बघायला अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा. केबल रिलीजही नाही. कॅमेऱ्याच्या बटणावर चिंचोका ठेवून सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली की शटर उघडं राहतं. त्याआधी भिंगासमोर काळी टोपी धरायची, हादरा थांबला की अलगद बाजूला घ्यायची. खरं शटर म्हणजे ती टोपीच.

आता हिशोब. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या साधारण चार लाखांवा हिस्सा असतो. आजचा थोडा जास्त, कारण चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ आलाय आणि जानेवारीत पृथ्वीही सूर्याच्या जवळ असते. ४०० एएसएची ऑर्वो फिल्म आणि एफ २.८ धरलं तर गणित अर्धा मिनिट सांगतं. गणितावर विसंबू नका. इतक्या मंद उजेडात फिल्म आळसावते, तिला चार मिनिटं तरी द्यावी लागतात.

तीन वाजले. वाळू बर्फासारखी गार आहे. शेकोटीची लाली जवळच्या खडकांवर पडतेय, तेव्हा सोबतच्या माडिया काकांना चटई आडवी धरायला सांगा. ते धरतात आणि विचारतात, "अंधारात काय दिसते त्याला?" उत्तर देऊ नका, सेकंद मोजताय.

पहिली फ्रेम. टोपी आड, पट्टी सोडा, फिल्म पुढे घ्या. पण लिव्हर ओढताना दुसऱ्या हाताने पिशवी दाबून धरा, नाहीतर सगळी पातळी जाईल. फळी २४ अंश फिरवा. भिंग ३४ अंश बघतं, म्हणजे दोन फ्रेममध्ये दहा अंशांची सामाईक जागा राहते. दुसरी. तिसरीच्या आधी भिंगावर बोट फिरवा: दव! फुंकर मारायची नाही. शेकोटीवर ऊन केलेलं फडकं भिंगाभोवती गुंडाळा आणि मगच पुढे जा. चौथीच्या वेळी नदीवरून धुकं उठतं, येऊ द्या. चार मिनिटांत त्याचा हलता आकार पुसला जाऊन डोंगराच्या पायथ्याशी नुसता पांढरा थर उरेल.

पाच फ्रेम, १३० अंश, पंचवीस मिनिटं. तेवढ्यात चंद्र सहा अंश खाली सरकलाय. धुतलेल्या प्रिंट कात्रीने कापून डिंकाने जोडाल, तेव्हा डोंगराची कड नीट जुळेल, काठावरच्या ऐनाच्या सावल्या जुळणार नाहीत. माझ्या मते ते जोड झाकू नयेत. आजचा मोबाईल नाइट मोडमध्ये काही सेकंदांत अनेक फ्रेम एकावर एक रचतो आणि रात्रीची दुपार करून टाकतो. तुमच्या पट्टीत पहाटेची पंचवीस मिनिटं डावीकडून उजवीकडे वाचता येतात.

परतल्यावर हे खरंच करून बघावंसं वाटलं, तर आधी वनखात्याची परवानगी घ्या आणि वैशाखाची वाट बघू नका. ताडोबात मचाणावरून पाणवठ्याशी प्राणी मोजायला बुद्ध पौर्णिमा उत्तम. पण तेव्हा चंद्र दक्षिणेकडून खालून जातो आणि हवेत धूळ असते. डोंगरांसाठी मार्गशीर्ष किंवा पौषच निवडा.