साखरेची जहाजे आणि सहलीची जहाजे

आपल्या पणजोबांच्या काळी समुद्रपर्यटन म्हटले की प्रायश्चित्ताची आठवण होई. विलायतेहून परतलेल्या गृहस्थास पंक्तीस घ्यावे की न घ्यावे, या वादात पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने खर्ची पडले. आज तोच शब्द उच्चारला की घरातील मुले टाळ्या पिटतात. अमेरिकेत नोकरीस असलेला मुलगा निवृत्त आईवडिलांस कळवतो, ‘या हिवाळ्यात इकडे या, आपण सर्वजण जहाजाने कॅरिबियन बेटे पाहू.’ असे आमंत्रण आम्हांसही आले आणि आम्ही ते सहकुटुंब स्वीकारले.

परंतु ज्याचे उभे आयुष्य बदल्यांत गेले, नव्या ठिकाणी रुजू होण्यापूर्वी त्या जिल्ह्याचे गॅझेटियर चाळण्याची ज्यास सवय जडली, त्याची ती खोड सहलीतही सुटत नाही. सहलीच्या रंगीत पुस्तिकेत वाळू, नारळीची झाडे आणि जेवणाच्या वेळा होत्या. त्या बेटांवर कोण राहते व ते तेथे कसे आले, याविषयी अक्षरही नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी आम्ही जे वाचले व नंतर जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा विषय दिसतो तितका परका नाही, असे आमचे मत झाले आहे.

या बेटांस ‘वेस्ट इंडीज’ हे नाव पडले ते एका चुकीमुळे. १४९२ च्या ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांपैकी एकावर उतरला आणि आपण हिंदुस्थानच्या परिसरात पोहोचलो अशी त्याची समजूत झाली. पुढे चूक कळली, पण नाव राहिले. मूळ रहिवासी युद्ध, वेठ आणि युरोपातून आलेले रोग यांमुळे बहुतांशी नष्ट झाले. १६२७ मध्ये इंग्रजांनी बार्बाडोसवर वसाहत केली आणि १६४० नंतरच्या काही वर्षांत तेथे उसाची लागवड पसरली. ऊस हे पीक कष्टाचे आहे, हे आपल्या कोल्हापूर-नगरकडील वाचकांस सांगावयास नको. तोडलेला ऊस थांबत नाही. त्याचे वेळेत गाळप झाले नाही तर साखर उतरत नाही. बेटांवरील मळेवाल्यांनी या कष्टासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले. अटलांटिक महासागरापार नेण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबलेल्या माणसांची एकंदर संख्या इतिहासकार सुमारे सव्वा कोटी धरतात. या समुद्रावरील पहिली मोठी प्रवासी वाहतूक ही अशी होती.

ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ च्या कायद्याने गुलामगिरीच रद्द ठरवली. तो कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. या वेळी दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली. ती मिळाली मालकांना. ज्यांचे नुकसान झाले होते त्यांस एक पैही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली आणखी चार वर्षे त्यांस जुन्याच मालकाकडे राबावे लागले. १८३८ मध्ये ती उमेदवारी संपली, आणि मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांसाठी दुसरीकडे नजर टाकली. ती नजर कलकत्त्यावर स्थिरावली.

त्याच वर्षी, ५ मे १८३८ रोजी, ‘व्हिटबी’ व ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे हिंदी मजूर घेऊन ब्रिटिश गयानाच्या किनाऱ्याला लागली. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांची या व्यवहारात पुढाकाराची भूमिका होती. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत त्रिनिदादमध्ये सुमारे १,४४,००० आणि ब्रिटिश गयानात सुमारे २,३९,००० हिंदी मजूर उतरले. डचांच्या सुरीनाममध्ये १८७३ पासून ३४,००० हून अधिक गेले. कोलंबसाने चुकीने ज्यांना इंडियन म्हटले ते नाहीसे झाले, आणि साडेतीनशे वर्षांनी खरेखुरे हिंदी लोक तेथे आणून वसवण्यात आले. इतिहासाने नाव खरे करून दाखवले, पण त्याची किंमत कोणी मोजली?

भरती मुख्यतः हल्लीच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारच्या जिल्ह्यांतून होई. काही मजूर मद्रासकडून जात. कराराची मुदत पाच वर्षे असे. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे त्यांच्या जिभेवर ‘गिरमिट’ झाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारी शिडाची जहाजे तीन-तीन महिने घेत. जहाजावर जातीपातीचे सोवळे टिकणे शक्यच नव्हते. एका पिंपातले पाणी सर्वांनी प्यावयाचे. त्यातून एक नवे नाते जन्मले. एका जहाजातून आलेले ते एकमेकांचे ‘जहाजी भाई’. हे नाते सख्ख्या भावाइतके मानले जाई. कलकत्त्यास ज्यांची बदली झाली असेल त्या वाचकांनी खिदिरपूर व गार्डन रीच हे भाग पाहिले असतीलच. या लोकांना जहाजावर चढवण्यापूर्वी तेथील डेपोंत ठेवीत. २०११ मध्ये त्यांची स्मृतिशिला तेथे बसवण्यात आली. आम्ही त्या शहरात चार वर्षे काढली. पण त्या बाजूस कधी गेलो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

मराठी मुलखाचा या भरतीशी संबंध थोडा. परंतु ती बंद पाडण्याच्या कामाशी मात्र निकटचा आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये, कलकत्त्यास भरणाऱ्या वरिष्ठ कायदेमंडळात, करारबद्ध मजुरीची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव मांडला. एक कोकणातला मनुष्य, पुण्याचा प्राध्यापक, बंगालच्या राजधानीत उभा राहून, ज्यांची भाषा वेगळी आणि ज्यांचा मुलूख वेगळा अशा, सात समुद्रांपलीकडील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या माणसांची बाजू मांडीत होता. त्याच्या बाजूने २२ मते पडली. सरकारी बहुमताने ठराव फेटाळला गेला. १९१५ मध्ये गोखले निवर्तले. पुढील वर्षी पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच विषय मंडळापुढे आणला, १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० च्या आरंभी उरलेले करारही रद्द झाले. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना ‘तुमचा इथे काय संबंध?’ हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. गोखल्यांचे ते भाषण हे त्याचे एक उत्तर आहे.

आता सहलीच्या जहाजांकडे वळू. त्यांचा जन्मही एका पिकातूनच झाला. १८७० मध्ये लॉरेन्झो डो बेकर या अमेरिकन कप्तानाने जमैकातून केळी नेऊन न्यू जर्सीत विकली. त्या धंद्यातून १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. उन्हाने केळी पिकू नयेत म्हणून तिची जहाजे पांढरी रंगवीत. दक्षिणेकडे जाताना जहाजे रिकामी जात. मग त्यांतून थंडीला कंटाळलेले अमेरिकन प्रवासी नेण्यास आरंभ झाला. बेकरनेच जमैकातील पोर्ट अँटोनिओ येथे हॉटेल बांधले. म्हणजे प्रवासी हा केळ्यांच्या परतीच्या फेरीतला माल होता!

केवळ सहलीसाठी जहाज बांधण्याची कल्पना हँबर्गच्या आल्बर्ट बालिन यांची. ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ हे त्यांचे जहाज १९०० मध्ये पाण्यात उतरले आणि पुढील वर्षापासून सफरी करू लागले. १६ डिसेंबर १९०६ च्या रात्री जमैकाच्या किनाऱ्याजवळ ते खडकावर चढले. प्रवासी सुखरूप उतरले. कप्तानाने मात्र आपल्या खोलीत जाऊन स्वतःला गोळी घातली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती; तेव्हा समुद्रावर जाऊन घसा ओला करण्यासाठी हवाना व नासाऊच्या फेऱ्यांना बहर आला. १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक पार करू लागली आणि मोठी प्रवासी जहाजे ओस पडू लागली. कोठे पोहोचण्यासाठी जहाजाची गरज उरली नाही. तेव्हा कोठेच न पोहोचण्यासाठी जहाजे चालवण्याचा धंदा निघाला. डिसेंबर १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून बहामाकडे निघाले. आजच्या समुद्रसहलींच्या उद्योगाचा आरंभ बहुधा तेथून मानतात. ‘टायटॅनिक’चे आकारमान सुमारे ४६,००० टन होते, २०२४ मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे सुमारे २,४८,००० टन आहे आणि त्यावर ७,००० हून अधिक प्रवासी मावतात. आपल्याकडील एखादे तालुक्याचे गाव पाण्यावर तरंगत निघावे, तसा हा प्रकार.

पण या गावाची एक रीत आहे. प्रवासी झोपतात जहाजावर, जेवतात जहाजावर. बेटावर उतरतात ते चार-सहा घटकांपुरते. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादी हा भाग १९८६ पासून एका जहाज कंपनीने भाडेपट्ट्याने घेतला आणि कुंपण घालून आपल्या प्रवाशांसाठी राखला. बहामातील काही छोटी बेटे कंपन्यांनी विकतच घेतली. किनाऱ्यास मालक असू शकतो, हे त्यामुळे प्रवाशाच्या अंगवळणी पडते.

याच्या अगदी उलट गोष्ट आम्ही त्रिनिदादमध्ये पाहिली. आमचे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले तेव्हा बरोबरीचे प्रवासी पोहण्यास गेले. आम्ही मोटार ठरवून वॉटरलू येथील समुद्रातले शिवमंदिर पाहण्यास गेलो. सेवदास साधू नावाच्या गरीब मजुराने येथे प्रथम किनाऱ्यावर देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आले आणि साधूंस १४ दिवसांचा तुरुंगवास व दंड झाला. सुटून आल्यावर त्यांनी ठरवले की जमिनीला मालक असेल, समुद्राला नाही. सायकलवरून बादल्यांनी दगडमाती वाहून त्यांनी समुद्रात भराव घातला आणि त्यावर पुन्हा देऊळ उभारले. या कामी त्यांची वर्षामागून वर्षे गेली. १९९५ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला.

तेथे एक वृद्ध बाई फुले वाहत होत्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी इंग्रजीतच विचारले, ‘इंडियातील कोणते गाव?’ त्यांचे आजे बस्ती जिल्ह्यातून आले होते. गावाचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ‘आजा’ आणि ‘आजी’ हे शब्द मात्र त्यांच्या तोंडी जसेच्या तसे होते. भजने पाठ होती. अर्थ सांगता येत नव्हता. आमच्या नातीला ‘आजी’ हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून फार नवल वाटले, कारण ती आमच्या सौभाग्यवतींस त्याच नावाने हाक मारते. मग तिने आम्हांस विचारले, ‘आजोबा, आपले गाव कोणते?’ आम्ही नाव सांगितले. ‘तुम्ही तिथे केव्हा गेला होता?’ हा तिचा दुसरा प्रश्न होता. आम्ही हिशेब केला. एकतीस वर्षे झाली होती. आमच्यावर कोणी गिरमिट लादले नव्हते. होते ते बदलीचे हुकूम आणि बढतीची आशा. तरीही ज्या बाईंच्या पूर्वजांना परतीचा मार्गच उरला नव्हता, त्यांनी ‘आजी’ जपली होती. आणि ज्यांस दर वर्षी रजा मिळत असे, त्यांनी गाव सोडून दिले होते.

मराठी माणसाची दुसरी एक खूण या बेटावर आहे. १९५३ च्या दौऱ्यात २७ बळी घेणारे लेगस्पिनर सुभाष गुप्ते यांनी त्रिनिदादच्या मुलीशी विवाह केला आणि पुढे तेथेच घर केले. २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथेच त्यांचे निधन झाले. १९७१ मध्ये याच शहरात अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी विजय मिळवला. सरदेसाई आणि तरुण गावसकर यांची नावे आमच्या मोटारचालकास तोंडपाठ होती.

सायंकाळी जहाजावर परतलो. आम्हांस वाढणारा तरुण सासष्टीचा गोवेकर होता. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जात आले आहेत. मुंबईच्या धोबीतलावावरील कुडांत जहाजाची वाट पाहत त्यांच्या वाडवडिलांनी दिवस काढले. याचा करार आठ महिन्यांचा. त्याच्या कराराची गिरमिटाशी तुलना करणे अन्यायाचे होईल; तो स्वेच्छेने आला आहे, पगार घरी पाठवतो, मुदत संपली की विमानाने परततो. तरी कराराने बांधलेला मनुष्य आणि साखर घातलेला चहा या दोन्ही गोष्टी त्याच समुद्रावर पुन्हा एकत्र आलेल्या पाहून आम्ही क्षणभर थबकलो. मराठीत त्याची विचारपूस केली. तो कोकणीत उत्तरे देऊ लागला. उरलेले चार दिवस आमच्या मेजावर त्या दोन्ही भाषा चालू होत्या, आणि नात दोन्ही ऐकत होती.

वाचकांपैकी पुष्कळांस आज ना उद्या असे आमंत्रण येईल. त्यांनी ते अवश्य स्वीकारावे. नातवंडांबरोबर समुद्र पाहण्यासारखे सुख थोडे. मात्र निघण्यापूर्वी बेटांचा इतिहास वाचावा, बंदरावर उतरल्यावर कुंपणाबाहेर जावे आणि वाढणाऱ्या मुलास त्याचे गाव विचारावे. परतल्यावर आपलेही गाव एकदा पाहून यावे. आम्ही येत्या वैशाखात जाणार आहोत. नातीने तसे वचन घेतले आहे.