वर्गात मराठी टायपिंग : इनस्क्रिप्ट का शिकवावं?

संगणकाच्या तासाला मुलं पेंट, वर्ड शिकतात. मराठी टायपिंग मात्र राहूनच जातं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये ही अडचण येत नाही.

युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक विंडोज आणि लिनक्समध्ये मिळतो. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडायची, एवढंच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘के’ दाबलं की क, शिफ्टसह ख. ‘डी’ म्हणजे हलन्त. म्हणून ‘स्त’साठी एम, डी, एल.

सीमाभागाला खरा फायदा पुढेच आहे. कन्नड, गुजराती, तेलुगू इनस्क्रिप्टमध्येही ‘के’वर त्या-त्या लिपीतला ‘क’च येतो. बेळगाव, वडोदरा, हैदराबादच्या मुलांची बोटं एकदा बसली, की मराठीतला अर्ज मराठीत आणि राज्यभाषेतला राज्यभाषेत, दोन्ही स्वतःच टाइप करता येतात. रोज 10 मिनिटं, कळांकडे न बघता सराव घ्या.