खारबांधापासून कोळंबीच्या तलावापर्यंत

भिवंडीजवळच्या वडप्याला आज दिसतात ती गोदामे आणि नाशिकचा महामार्ग. खाडी दिसत नाही. पण भिवंडीची कामवारी नदी वसईच्या खाडीलाच मिळते, आणि कोकणच्या खाडीकाठी जागेचे नियोजन कागदाआधी बांधाने झाले. भरती अडवायची, ओहोटीला उघाडीतून पाणी सोडायचे, आत भात पिकवायचा. १९४८च्या खारजमीन कायद्याने या कामात सरकार उतरले.

गोव्याच्या खाजणांत, म्हणजे तिथल्या खारजमिनींत, तर मानशीपाशी (उघाडीच्या दारापाशी) मासळीही धरतात. भात आणि मासळी एकाच बांधाआड!

नव्वदच्या दशकात कोळंबीचे व्यापारी तलाव आले आणि हा मेळ बिघडला. तमिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन या तलावांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६च्या निकालाने किनारा नियमन क्षेत्रातल्या तलावांवर बंदी आली. पारंपरिक पद्धती तेवढ्या वाचल्या. २००५च्या किनारी मत्स्यशेतीच्या कायद्याने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या तलावांना परवाना नाकारला. २०२३च्या दुरुस्तीने पिंजऱ्यातले मासे आणि समुद्रशेवाळही याच कायद्याच्या कक्षेत आले.

नकाशावर भरतीरेषा दिसते. उधाणाला कोणता बांध फुटतो, हे खारशेतकऱ्याला ठाऊक असते. परवान्याआधी अधिकाऱ्यांनी त्याला आणि कोळ्याला विचारावे.