‘वैऱ्यावर प्रीती’

* वैऱ्यावर प्रीती : येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली शिकवण (मत्तय, अध्याय 5). छळणाऱ्यासाठीही प्रार्थना करावी, असे तो तिथे सांगतो. आंदर मावळच्या वाचकाला याचा दाखला जवळच, वडगावात सापडेल. जानेवारी 1779 मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेतला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मराठ्यांच्या माऱ्यात पडला. त्याच्या शौर्यावरून लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि वडगावची त्याची समाधी पुजली. शौर्याचे कौतुक म्हणजे क्षमा नव्हे, हे खरे; पण मेलेल्या वैऱ्यापुढे हात जोडणे मला त्याच वाटेवरचे वाटते. वेढ्यात सापडलेल्या उरल्यासुरल्या फौजेला मराठ्यांनी करार करून मुंबईस जाऊ दिले. तो करार ईस्ट इंडिया कंपनीने मानला नाही. त्यामुळे इंग्रज-मराठ्यांमधले युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले.